दहा तासांसाठी भांडलेला पाद्री

१८३३ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये लागोपाठच्या दोन दिवसांत दोन कायदे झाले. २८ तारखेला वसाहतींमधली गुलामगिरी संपवण्याचा आणि २९ तारखेला गिरण्यांत राबणाऱ्या मुलांचा. पहिल्या कायद्याप्रमाणे वेस्ट इंडीजच्या मळ्यांवरच्या गुलामांना आणखी काही वर्षं जुन्याच मालकाकडे शिकाऊ उमेदवार म्हणून राबावं लागणार होतं, पण आठवड्याला ४५ तासांहून जास्त नाही. दुसऱ्या कायद्याप्रमाणे उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या तेरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलीला आठवड्याला ६९ तास कामाला लावता येणार होतं.

या तुलनेने गुलामगिरी हलकी ठरत नाही. माणूस विकत घेणं ही वेगळीच गोष्ट आहे. पण ज्यांनी तीन वर्षं गिरणीतल्या पोरांसाठी रान उठवलं होतं, त्यांना हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसत होते आणि टोचत होते. त्यांच्यातला एक होता यॉर्कशायरमधल्याच ब्रॅडफर्डजवळच्या बायरली गावचा पाद्री, जॉर्ज स्ट्रिंगर बुल.

आणि इथेच एक कोडं आहे. बुल आणि त्यांच्या सोबत्यांची मागणी होती दहा तासांच्या दिवसाची. सरकारने ९ ते १३ वर्षांच्या मुलांना दिला सरासरी आठ तासांचा दिवस. म्हणजे मागितलं त्याहून जास्तच पदरात पडलं. तरीही ही माणसं या कायद्यावर संतापली. का? ते समजलं की औद्योगिक क्रांतीतला कामगारांचा अर्धा प्रश्न समजतो. पण त्यासाठी आधी गिरणीत शिरावं लागेल.

ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीचं गाव. लांब तंतूंच्या लोकरीचं घट्ट पिळाचं सूत, ज्याला वर्स्टेड म्हणतात, ते तिथे कातलं जाई. पूर्वी हे काम घरोघरी चरख्यावर होई. मग साचे आले, ते आधी पाण्यावर आणि नंतर वाफेवर फिरू लागले. मुंबईच्या गिरण्यांत सूत कातायच्या ज्या खात्याला त्रासन खातं म्हणत, त्याचं हे आजोबांचं रूप. या साच्यांना फार ताकद लागत नाही आणि फार कसबही लागत नाही. तुटलेला धागा चटकन जोडायचा, भरलेली बॉबिनं काढून रिकामी लावायची. बोटं बारीक हवीत, नजर तयार हवी आणि पाय दिवसभर उभे राहायला हवेत. मूल या कामाला चालतं, स्वस्त पडतं आणि उलटून बोलत नाही. म्हणून मुलं घेतली गेली.

वाफेचं इंजिन दमत नाही. मालकाने साच्यांत पैसा ओतलेला असतो, बहुतेकदा कर्ज काढून. साचा बंद राहिला तरी व्याज चालूच राहतं. मग इंजिन जास्तीत जास्त तास फिरवायचं, हा हिशोब आपोआप येतो. आणि इंजिन फिरतंय तोवर त्याच्यापुढे कोणीतरी उभं असावंच लागतं. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाला गिरणीचा भोंगा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सगळ्या घराचं झोपणं, उठणं, जेवणं त्याच्या ताब्यात असतं. ब्रॅडफर्डच्या मुलांचं तेच झालं होतं. फरक एवढाच की, त्यांच्या वेळेला मर्यादा घालणारं कोणी नव्हतं.

बुल यांचा जन्म १७९९ चा, एसेक्समधला. वडीलही पाद्री. पोरवयात ते आरमारात गेले. १८१८ च्या सुमारास मिशनचे शिक्षक म्हणून पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला पोचले. तिथली वसाहत गुलामीतून सुटलेल्या माणसांची होती. तब्येतीने साथ दिली नाही, म्हणून ते परत आले, दीक्षा घेतली आणि १८२६ मध्ये बायरलीला दाखल झाले. राजकारणाने पक्के टोरी, म्हणजे राजा, चर्च आणि जुनी घडी मानणारे. मतदानाचा हक्क सगळ्यांना मिळावा, मालमत्ता वाटून टाकावी, असलं काही ते म्हणत नव्हते. हे मुद्दाम सांगतोय, कारण कामगारांची बाजू घेणारा म्हणजे क्रांतिकारकच असणार, असं आपण धरून चालतो.

त्यांना शाळा चालवायच्या होत्या. मुलांना वाचता यावं, बायबल कळावं, मुलींना शिवणटिपण यावं. पण पहाटे पाच-सहाला गिरणीत गेलेलं आणि रात्री सात-आठला बाहेर पडलेलं मूल शिकणार कधी? रविवार उरतो. त्या दिवशी ते मूल बाकावर बसल्या बसल्या पेंगतं. बुल या प्रश्नापाशी कुठलाही अर्थशास्त्राचा ग्रंथ वाचून आले नव्हते. गावातल्या पाद्र्याच्या हाती बाप्तिस्म्याची वही असते आणि दफनाचीही. कुठलं पोर किती वर्षांचं, कोणाच्या पोटी जन्मलं, कोणाचं पोर गेलं, हे त्याला ठाऊक असतं. मालकाच्या वहीत जे ‘हात’ होते, ते पाद्र्याच्या वहीत नावानिशी होते.

मग बाकीचे पाद्री काय करत होते? बरेचसे गप्प होते. चर्चचं छप्पर, शाळेची इमारत, गरिबांसाठीचा निधी, सगळ्याला वर्गणी देणारा गिरणीमालकच. शिवाय गरिबी ही देवाने नेमून दिलेली अवस्था आहे, ती निमूट सोसावी, असं सांगायची जुनी सवय. बुल याच्या उलट सांगत. त्यांचं म्हणणं होतं की, मुलाचं शरीर आणि मन मोडून मिळवलेला नफा हे पाप आहे आणि पापाबद्दल बोलणं हे तर पाद्र्याचं कामच.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. ही चळवळ पेटवणारी पहिली ठिणगी एका गिरणीमालकाच्या घरात पडली. जॉन वुड हे ब्रॅडफर्डचे मोठे सूतगिरणीवाले, धर्मनिष्ठ, मनाने हळवे. १८३० च्या सप्टेंबरमध्ये रिचर्ड ओस्टलर त्यांच्याकडे मुक्कामाला होते. ओस्टलर हडर्सफील्डजवळच्या एका जमीनदाराचे कारभारी आणि वेस्ट इंडीजच्या गुलामीविरुद्ध तळमळीने बोलणारे. वुड त्यांना म्हणाले की, दूरच्या गुलामांबद्दल बोलता, पण आमच्याच गिरण्यांत काय चाललंय ते तुम्हाला माहीत नाही. त्या रात्री ओस्टलरना झोप लागली नाही. २९ सप्टेंबरला त्यांनी पत्र लिहिलं, ‘यॉर्कशायरची गुलामी’. लीड्सच्या वर्तमानपत्रात ते १६ ऑक्टोबरला छापून आलं आणि खळबळ उडाली.

प्रश्न असा पडतो की, वुडना एवढं वाईट वाटत होतं, तर त्यांनी आपल्या गिरणीतले तास का नाही कमी केले? त्यांनी काही सुधारणा केल्याही, गिरणीला जोडून शाळा काढली. पण एकट्या मालकाने इंजिन दहा तासांत थांबवलं आणि शेजारचा चौदा तास चालवत राहिला, तर शेजाऱ्याचं सूत स्वस्त पडतं. बाजार त्याच्याकडे जातो. चांगला मालक मागे पडतो, आणि त्याच्या गिरणीतली मुलं शेवटी त्या शेजाऱ्याच्याच दारात उभी राहतात. म्हणजे मालक चांगला की वाईट, यावर हा प्रश्न सुटत नाही. सगळ्यांना एकाच वेळी एकच नियम लागू झाला, तरच चांगलं वागणं परवडतं. तो नियम कायद्यानेच येऊ शकतो. वुड यांनी या चळवळीत आपला पैसा ओतला तो यासाठी. पत्र निघाल्यानंतर थोड्याच काळात बुलही या कामात उतरले आणि सभांमधून बोलू लागले.

गिरणीगावांतून कामगारांच्या ‘शॉर्ट टाइम’ कमिट्या, म्हणजे कामाचे तास कमी व्हावेत म्हणून झटणाऱ्या समित्या, उभ्या राहिल्या होत्या. पार्लमेंटमध्ये त्यांचा माणूस होता मायकल सॅडलर. त्यांनी दहा तासांचं विधेयक आणलं, आणि १८३२ च्या मार्चमध्ये ते चौकशी समितीकडे गेलं. एप्रिलच्या २४ तारखेला यॉर्कच्या किल्ल्याच्या आवारात मोठी सभा झाली. ब्रॅडफर्ड, लीड्स, हडर्सफील्डकडून हजारो माणसं चालत आली, बायका-पोरांसकट, भर पावसात. ब्रॅडफर्डहून यॉर्क पन्नास-पंचावन्न किलोमीटर. बुल त्यांच्यात होते.

समितीपुढच्या साक्षी आजही वाचवत नाहीत. लीड्सची एलिझाबेथ बेंटली सहाव्या वर्षी जवसाच्या धाग्याच्या (फ्लॅक्सच्या) गिरणीत लागली. काम बॉबिनं बदलण्याचं. कामाची गर्दी असली की पहाटे पाच ते रात्री नऊ, जेवायला दुपारची चाळीस मिनिटं. हात जरा मंदावला की पट्टा. साक्ष देताना ती तेवीस वर्षांची होती आणि तिचं शरीर वाकडं झालं होतं. सॅम्युअल कूलसन नावाच्या बापाने सांगितलं की, धंदा तेजीत असताना सुमारे सहा आठवडे त्याच्या मुली पहाटे तीनला जात आणि रात्री दहाला सुटत. झोपेतून उठवताना त्यांना हलवून हलवून उभं करावं लागे. थोरलीचं बोट यंत्रात गेलं. गिरणीत घड्याळ मालकाचं, बाकी कोणाकडे नाही, म्हणून किती वाजले ते कळायचा मार्गच नाही, हेही साक्षीत आलं.

मालकांची तक्रार होती की, सॅडलरनी फक्त एकाच बाजूचे साक्षीदार बोलावले आणि तेही शपथेवर नव्हते. ही तक्रार अगदी खोटी नव्हती. पण पुढे मालकांच्याच आग्रहावरून नेमलेल्या आयोगानेही मुलांकडून मोठ्या माणसांइतके तास काम घेतलं जातं आणि त्याने त्यांची शरीरं कायमची बिघडतात, हे मान्य केलं.

१८३२ च्या डिसेंबरमध्ये निवडणूक झाली आणि सॅडलर लीड्समधून हरले. त्यांना हरवणाऱ्यांपैकी एक थॉमस बॅबिंग्टन मेकॉले. तेच, दोन वर्षांनी भारतात येऊन इंग्रजी शिक्षणाचा मसुदा लिहिणारे.

चळवळीला पार्लमेंटमध्ये आता माणूसच उरला नाही. कमिट्यांनी बुलना लंडनला धाडलं, कोणीतरी शोधून आणा म्हणून. १८३३ च्या फेब्रुवारीत हा खेड्यातला पाद्री अनोळखी शहरात एकेका सभासदाचे दरवाजे ठोठावत फिरला. कोणीतरी लॉर्ड ॲशली यांचं नाव सुचवलं. वय एकतीस, उमराव घराणं, गिरण्यांशी काडीचा संबंध नाही. बुल त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. ॲशलींनी विचाराला थोडा वेळ मागितला, बायकोशी बोलले आणि होकार दिला. ६ फेब्रुवारीला बुल यांनी कमिट्यांना पत्र लिहून ही बातमी कळवली. हेच ॲशली पुढे अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी झाले आणि ब्रिटनमधल्या कामगार कायद्यांशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. बुल यांचं नाव मात्र त्या मानाने कोणाच्या ओठावर राहिलं नाही.

ॲशलींचं विधेयक आलं तेव्हा मालकांनी आधी राजाज्ञेने आयोग नेमा, असा ठराव मांडला. तो ७४ विरुद्ध ७३ मतांनी मंजूर झाला. एका मताने! मग जुलैत दहा तासांची मागणी २३८ विरुद्ध ९३ मतांनी पडली आणि सरकारने आपला कायदा आणला. नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी, रेशीम गिरण्या वगळून. नऊ ते तेरा वयाच्यांना आठवड्याला ४८ तास आणि रोज दोन तास शाळा. तेरा ते अठरा वयाच्यांना दिवसाला १२ तास. अठराच्या आतल्यांना रात्रपाळी नाही. मोठ्या माणसांसाठी काहीच नाही.

आता ते कोडं.

गिरणीत मूल एकटं काम करत नाही. एका मोठ्या कामगाराच्या हाताखाली दोन-तीन मुलं असतात, आणि मुलं नसतील तर मोठ्याचाही साचा अडतो. बुल आणि त्यांच्या सोबत्यांचा डाव यावर उभा होता. अठराच्या आतल्या सगळ्यांनाच दहा तास केले, तर दहा तासांनंतर इंजिन फिरवून उपयोग नाही. ते थांबवावंच लागेल. मुलांच्या आडून मोठ्यांचाही दिवस दहा तासांचा होईल. मोठ्या पुरुषांसाठी सरळ कायदा मागण्याची तेव्हा सोय नव्हती. ‘प्रौढ माणूस स्वतंत्र आहे, तो आपल्या मर्जीने करार करतो, सरकारने मध्ये पडू नये’ हे त्या काळच्या अर्थशास्त्राचं ब्रह्मवाक्य. मुलाबद्दल मात्र असं म्हणता येत नव्हतं. सहा वर्षांचं पोर कोणाशी करार करतं?

आयोगाने नेमका हा धागा कापला. मूल स्वतंत्र नाही, हे मान्य. म्हणून तेराच्या आतल्यांना आठ तास देऊ. पण मग मालक मुलांच्या दोन टोळ्या करू शकतो, एक सकाळची, एक दुपारची. दोन आठांचे होतात सोळा. मुलं बदलतात, इंजिन चालूच राहतं, आणि त्याच्यापुढचा मोठा कामगार, म्हणजे बहुधा त्याच मुलांचा बाप किंवा आई, तितके तास उभा राहतो. वर, ज्याला चौदावं लागलं त्याला तर आठवरून एकदम बारावर टाकलं. दहा ऐवजी आठ मिळूनही ही माणसं का चिडली, ते एवढ्यात आलं. त्यांना मुलाची सुट्टी आणि इंजिनाची सुट्टी एकाच वेळी हवी होती, म्हणजे संध्याकाळी घरात सगळे एकत्र असतील.

कायद्यात एक गोष्ट मात्र खरंच नवी होती. तो पाळला जातो की नाही हे बघायला सरकारने चार पगारी इन्स्पेक्टर नेमले. त्याआधीचे कायदे कागदावरच राहिले होते, कारण देखरेख स्थानिक न्यायाधीशांकडे, आणि ते न्यायाधीश मालकांच्याच बैठकीतले. या चारांपैकी उत्तरेकडच्या गिरणीभागावर नेमलेले रॉबर्ट रिकर्ड्स हे मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत वरच्या हुद्द्यापर्यंत पोचून परतलेले गृहस्थ होते.

इन्स्पेक्टरपुढे पहिलीच अडचण वयाची. १८३७ पर्यंत इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंदच नव्हती. मग गिरणीत डॉक्टरने पोराकडे बघून दाखला द्यायचा की, याची चण नऊ वर्षांच्या मुलासारखी आहे. घरात खाणारी तोंडं जास्त, मजुरी तुटपुंजी, त्यामुळे आईबापही वय चढवून सांगत. पुढे दात बघून वय ठरवण्याची पद्धत सुचवली गेली. वय मोजायची ही धडपड वाचताना मला बुल यांच्या चर्चमधली वही आठवत राहते.

अर्थशास्त्रातून आलेला विरोध सगळ्यांत वजनदार होता. १८३७ मध्ये ऑक्सफर्डचे माजी प्राध्यापक नासाऊ सीनियर यांनी हिशोब मांडला की, साडेअकरा तासांच्या दिवसात मालकाचा निव्वळ नफा शेवटच्या तासात होतो. तो तास काढा, नफा संपला, गिरणी बंद आणि कामगार रस्त्यावर. ऐकायला पटतं, पण त्यात दोन चुका आहेत. एक तास कमी झाला तर कापूस, लोकर, कोळसाही त्या प्रमाणात कमी लागतो, तो खर्च वाचतो. आणि दुसरी मोठी चूक म्हणजे सगळे तास सारखे धरणं. बाराव्या तासाला पेंगणारं पोर जितके धागे जोडतं त्याहून जास्त तोडतं. ज्या गिरण्यांनी पुढे तास कमी केले, त्यांना उत्पादन त्या प्रमाणात पडलं नसल्याचं दिसून आलं.

मे १८४६ मध्ये दहा तासांचं विधेयक पुन्हा पार्लमेंटपुढे आलं, आणि त्याच्या बाजूने उभे राहिले मेकॉले. शतकानुशतकं दर सातवा दिवस विश्रांतीचा पाळून इंग्लंड गरीब झालं नाही, उलट समृद्धच झालं, असा त्यांचा युक्तिवाद होता. विधेयक तेव्हा दहा मतांनी पडलं. पुढच्या वर्षी, १८४७ च्या जूनमध्ये, ॲशली पार्लमेंटबाहेर असताना, जॉन फील्डन यांनी ते मंजूर करून घेतलं. फील्डन स्वतः मोठे कापूसगिरणीवाले. स्त्रिया आणि अठराच्या आतल्यांना दहा तास. मालकांनी लगेच पाळ्यांची पळवाट काढली. १८५० च्या कायद्याने ती बुजवली, पण मोबदल्यात अर्धा तास घेतला: सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, मध्ये दीड तास सुट्टी, म्हणजे साडेदहा तास काम. शनिवारी दुपारी दोनला इंजिन बंद. हा गेलेला अर्धा तास परत मिळाला १८७४ मध्ये.

बुल १८४० मध्येच ब्रॅडफर्ड सोडून बर्मिंगहॅमला गेले होते, तिथल्या गरीब वस्तीतल्या चर्चमध्ये. १८६५ मध्ये ते वारले.

त्यांनी पुढे आणलेले ॲशली, म्हणजे आताचे लॉर्ड शाफ्ट्सबरी, १८७५ च्या जुलैमध्ये लॉर्ड्स सभागृहात पुन्हा मुलांसाठी बोलले, पण या वेळी मुंबईच्या गिरण्यांतल्या. इथे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापूसगिरणी मालकांचाही दबाव होता. मुंबईचं स्वस्त सूत त्यांना खुपत होतं, आणि मुंबईचे मालक तेच बोट दाखवून कायद्याला विरोध करत होते. दोन मालकांच्या या भांडणात परळचं पोर मधल्या मध्ये साच्यापुढे उभंच होतं. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालच्यांना बंदी केली आणि बारापर्यंतच्यांना नऊ तास. बायकांना काही नाही, पुरुषांना काही नाही. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० सह्यांचा अर्ज केला: रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. इथे पाद्री कोणी आला नव्हता. सत्यशोधक चळवळीत घडलेला, गिरणीत नोकरी केलेला माणूस होता. रविवार १८९० मध्ये मिळाला, बायकांसाठी अकरा तासांची मर्यादा आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती १८९१ च्या कायद्याने. आणि बुल ज्यासाठी लंडनचे दरवाजे ठोठावत फिरले होते, तो दहा तासांचा दिवस मुंबईच्या गिरणीतल्या पुरुष कामगाराला कायद्याने मिळाला १९३४ मध्ये.